हौदातली किल्ली

७ ऑक्टोबर २००२, सोमवार

तरी मी म्हणतोच — किल्ली काढली कोणी?

आज पुन्हा गौरवशी वाजलं. तो माझ्यासारखाच गेटकीपर, दोन नंबरच्या पडद्याचा, बुलंदशहरचा. म्हणतो, "छोड़ ना यार, पिक्चर है!" पिक्चर आहे हे मला कळत नाही का? पाच आठवडे झाले, रोज चार खेळ, टॉर्च हातात धरून तोच पिक्चर उभ्यानं बघतोय. हिरो परदेशातून शिकून येतो. बाप म्हणतो, कंपनीत बस. हिरो म्हणतो, मला तुमचं काही नको! आणि नव्या गाडीची किल्ली बंगल्यातल्या पोहायच्या हौदात फेकतो. डुबुक! पब्लिक टाळ्या वाजवतं, शिट्ट्या मारतं. त्यानंतर चौथ्या मिनिटाला — मी घड्याळ लावून पाहिलंय — तीच गाडी, तोच हिरो, डोंगराच्या रस्त्याला लागलाय. काच खाली, केस उडतायत, गाणं चालू.

मग हौदातून किल्ली काढली कोणी? हिरोची तर बाहीसुद्धा ओली नाही!

गौरव म्हणाला, "डुप्लीकेट होगी." म्हटलं, मग फेकण्यात काय मर्दुमकी?

एवढ्या लोकांनी बघितला. एकानं विचारलं नाही.

८ ऑक्टोबर

ई रांग, सात आणि आठ नंबर. तीस रुपयांचं पॉपकॉर्न अर्धं टाकून गेले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ही वही दहावीसाठी आणली. दहावीला निबंध असतो आणि मी सातवीत शाळा सोडली. रोज एक पान लिहीत जा, हात वळेल — असं शंकरबाबूंनी सांगितलं. ते वरच्या मशीनरूमचे ऑपरेटर. चाळीस वर्षं जुन्या थेटरांत मशीन चालवलं, आता नोएडाच्या या काचेच्या मॉलमध्ये आलेत. त्यांच्या हाताखाली एक जागा निघणार आहे. साहेब म्हणतात दहावी पाहिजे. शंकरबाबूंनी घासाघीस करून ठेवलीय — ओपन स्कूलचा फॉर्म भरल्याची पावती दाखव, तेवढ्यावर घेतील. ३० नोव्हेंबरच्या आत. फॉर्म आणि क्लास मिळून दोन हजार सहाशे. जवळजवळ जमलेत.

मला वर जायचंय. अंधारात उभं राहून लोकांना खुर्च्या दाखवायच्या नाहीत. पडद्यावर उजेड पाडायचाय.

खंडेरावमामा ऐकतील तर हसतील. चौदाव्या वर्षी त्यांनीच मला गाजियाबादला आणलं, सराफ बाजारातल्या त्यांच्या गलाईच्या दुकानात. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात उकळायचं, शुद्ध करून द्यायचं. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी पोरं याच कामाला जातात. कुठल्याही गावच्या सराफ्यात जा, भट्टीपाशी आमचाच माणूस बसलेला. सहा वर्षं तेजाबाचा धूर खाल्ला. मग एक दिवस मामा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "ह्याला भट्टी फुंकण्याबिगर काय येतंय!" मी चिमटा फरशीवर आपटला. म्हटलं, "नको मला तुमचं सोनं!" तसाच बाहेर पडलो. वळून बघितलं नाही. पावणेदोन वर्षं झाली.

अजून आठवलं की छाती फुगते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

तीनच्या खेळाला मजा झाली. किल्ली हौदात पडली आणि मी सवयीनं पुटपुटलो, "आता काढ म्हणावं!" शेवटच्या रांगेतला एक पोरगा गर्रकन वळला. "तुम्ही मराठी?"

नाव अंशुमन. वडील केंद्र सरकारात अधिकारी, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा पिक्चर त्यानं चौथ्यांदा बघितला! कॉलेजच्या मासिकात त्याच्यावर लिहिणार आहे. मराठी बोलतो, पण मधेच शब्द सापडत नाही, मग हवेत हात फिरवतो. त्याला किल्लीचं विचारलं. म्हणाला, "यार, ते सिम्बॉल आहे. म्हणजे... त्यानं प्रिव्हिलेज फेकून दिलं."

मी विचारलं, प्रिव्हिलेज म्हणजे?

त्यानं हवेत हात फिरवला. "म्हणजे... जे आपल्याला न मागता मिळालेलं असतं, ते."

शब्द लिहून ठेवतो. निबंधाला कामाला येईल.

१५ ऑक्टोबर, दसरा

गौरवनं माझे दोन खेळ सांभाळले. (त्याला दिवाळीत मी दोन देणार.) अंशुमननं घरी बोलावलं होतं. नोएडाहून दोन बस बदलून लक्ष्मीबाई नगर. झाडंच झाडं, सगळी घरं एकाच साच्यातली.

वडील विश्वनाथकाका. आई सुनीतीकाकू. दारातच काकूंनी हातावर पान ठेवलं. "घे, सोनं घे! आपटा कुठला मिळायला इथं, कचनारचं आहे. कॉलनीत झाड आहे ना, चालवून घेतो आम्ही." मी सहा वर्षं खरं सोनं हाताळलं, पण हातावर कोणी असं ठेवलं नव्हतं. पान खिशात घातलं.

जेवणं झाली आणि बापलेकांची जुंपली. अंशुमनच्या लेखावरून.

काका म्हणाले, "आमच्या वेळचा हिरो नोकरी शोधत फिरायचा रे. बूट फाटेपर्यंत! म्हातारा शेटजी त्याच्यापुढे कोरा चेक धरायचा आणि तो टराटरा फाडायचा. तुमच्या हिरोचं काय? चेकवर सही करणाराच ह्याचा बाप!"

"बाबा, प्रत्येक जनरेशनचा स्ट्रगल वेगळा असतो. आमचा आतला आहे."

"आतला म्हणजे? पोटाचा?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. अंशुमन लाल झाला. मग काका माझ्याकडे वळले. "तू सांग. तू तर रोज बघतोस."

मी सांगितलं — मला दोन्ही पटत नाहीत. चेक फाडणारा पण नाही आणि किल्ली फेकणारा पण नाही. दोघांनाही फेकायला काहीतरी होतं. आणि किल्लीची हकीकत सांगितली. काका मोठ्यानं हसले. "अरे, नोकरानं काढली असेल कोणीतरी!"

तेवढ्यात त्यांची कामवाली चहाचा ट्रे घेऊन आत आली. ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "माली ने निकाली होगी, साब. और डाँट भी उसी को पड़ी होगी, कि पानी गंदा क्यों किया."

सगळे हसले. मी नाही हसलो. मी तिचं तोंड बघत होतो. नंतर अंशुमनला विचारलं, ती कुठली? म्हणाला, "यू.पी.ची असेल. आई, कुठली गं ही?" दारातूनच ती म्हणाली, "हमसे पूछ लो ना भैया. रामरती. ज़िला एटा." नऊ वर्षं त्या घरात आहे!

येताना काकूंनी चिवडा बांधून दिला. चांगली माणसं आहेत. हीच तर पंचाईत आहे.

१८ ऑक्टोबर

खरं लिहितो. गाणं लागलं की माझेही पाय हलतात. मलाही तसल्या गाडीची काच खाली करून केस उडवायचेत. रागाचं मूळ तेच आहे!

२३ ऑक्टोबर, बुधवार

गावाहून अण्णांचं पत्र आलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख, रेघा पट्टीनं आखल्यासारख्या. मजकूर कडू.

धाकटीचं जमतंय. मुलगा चेन्नईला गलाईत आहे, दुकान स्वतःचं. दिवाळी झाली की सुपारी फोडायची. तीन हजार पाठव. आणि मामांशी गोड बोल, ते परत ये म्हणतात.

नाही पाठवणार!

दर महिन्याला सातशे न चुकता पाठवतो. ज्या महिन्यात ताप आला त्या महिन्यातही पाठवले. हे जे साठवलेत ते पहिल्यांदा माझ्यासाठी आहेत. पिक्चरमधला हिरो तीन तास 'मला काय करायचंय' म्हणून डोंगरात फिरतो आणि लोक रडतात. मला काय करायचंय ते मला पक्कं ठाऊक आहे — जिना चढून वर जायचंय, सतरा पायऱ्या — तर मला सुपारीसाठी थांबवणार? आणि मामांशी गोड बोलू? मेलो तरी नाही.

उत्तर लिहिलं. अण्णांना नमस्कार, आईला नमस्कार, म्हैस व्याली का. पैशाचं जमणार नाही. चार ओळी. टाकून आलो.

२४ ऑक्टोबर

बरं वाटतंय. अगदी बरं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक उद्योग केला. पिक्चरमध्ये नोकर ट्रे घेऊन किती वेळा येतो ते मोजलं. सहा वेळा. दोनदा नुसते हात. एकदा पाठ. दोनदा तो मागं धूसर उभा आहे आणि पुढं हिरो रडतोय. एकदा "जी साहब". तोंड एकदाही धड दिसत नाही! शेवटी नावं वर सरकतात तेव्हा पब्लिक उठलेलं असतं, मला दारं उघडायची असतात. आज दार उघडून धरलं आणि मान वळवून वाचलं. सगळ्यात खाली — नोकर एक, नोकर दोन.

आणि तो शेवट! हिरो डोंगरात हॉटेल काढतो. बाप शोधत येतो. हिरो स्वतःच्या हातानं ऑम्लेट करून वाढतो. बाप घास घेतो आणि रडतो. दोघं गळ्यात पडतात. बरोबर, पण ताटली कोण विसळतं? एवढ्या मोठ्या हॉटेलात मोरीच दाखवली नाही.

शंकरबाबूंना सांगितलं. ते म्हणाले, "तू पिक्चर देखता है कि हिसाब जाँचता है?" मग म्हणाले, "ऑपरेटर अच्छा बनेगा. ऑपरेटर को वही दिखना चाहिए जो पब्लिक को नहीं दिखता."

४ नोव्हेंबर, दिवाळी

नवे पिक्चर लागले. आमचा हिरो सकाळच्या एका खेळावर आला! साठ माणसं पण नव्हती.

पण आज फिल्म मी लावली! शंकरबाबूंनी हाताला धरून शिकवलं. चाकावरून चाकावर ओवत न्यायची, ढिली नको, ताठ नको. बटन दाबलं. भोकातून खाली बघितलं तर पडदा उजळलेला. हे मी केलं. मी! दोन हजार सहाशे पुरे झालेत. पुढच्या आठवड्यात फॉर्म.

९ नोव्हेंबर, शनिवार

अंशुमन आला होता. मॉलसमोर वडिलांची मारुती उभी केली, मला बाहेर बोलावलं. म्हणाला, "कॉलेज सोडलं. डन!" वर डोंगरात, भीमतालला जाणार. मित्राच्या काकाचं गेस्ट हाऊस आहे, तिथं राहून लिहिणार. घरात दोन दिवस कोणी जेवलेलं नाही. काकू रडतायत.

मी मारुतीकडे बघितलं. म्हटलं, "आणि गाडी?"

"परत पाठवीन ना यार. ड्रायव्हर येईल घ्यायला."

मला हसू फुटलं. त्याला राग आला नाही, उलट माझा खांदा धरला. "हस तू. पण तू माझी इन्स्पिरेशन आहेस. तूपण मामाचं सगळं सोडलंस ना! एका झटक्यात!"

मग माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात ओरडलो. "माझं आणि तुझं एक करू नको! मी चिमटा टाकला तेव्हा माझ्यामागं कोण होतं? ना गाडी, ना ड्रायव्हर, ना भीमतालचा काका! तीन रात्री गाजियाबाद स्टेशनवर झोपलो. माझी किल्ली कोणी हौदात उतरून काढून दिली नाही!"

त्यानं हवेत हात फिरवला. मग सावकाश, शब्द जुळवत म्हणाला, "माझी कोण काढतं, ते मला दिसतं आता. तुझ्यामुळे. पण कोणीच नव्हतं, असं... असं नसतं रे कधी."

म्हणे असं नसतं! ह्यानं मला सांगायचं! गाडीत बसून निघून गेला. काच खाली होती.

१० ऑक्टोबरचं पान काढून वाचलं, माझ्या चिमट्याचं. तिथं कोणी नव्हतं. मी एकटा होतो. लिहिलेलं आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पत्र आलं. पाकीट जाड. आत दोन कागद.

पहिला अण्णांचा. शिव्या फक्त लिहायच्या राहिल्यात. दुसरा शाळेच्या वहीचा फाडलेला कागद. अक्षर तेच. तेच सुरेख, रेघा आखल्यासारखं.

"दादा, हे अण्णांनी सांगितलेलं नाही. हे माझं."

अण्णांना सहीपुरतं येतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. जन्मापासून माहीत आहे. मग इतकी वर्षं पत्र कोण लिहितंय असं मला वाटत होतं?

जसं आहे तसं उतरवतो.

"पाच वर्षं पत्रं मीच लिहिते. तू अण्णांना नमस्कार लिहितोस, आईला लिहितोस, म्हशीचं विचारतोस. ते पत्र वाचून पण मीच दाखवते. मी बारावी झाले, सत्तर टक्के पडले. तुला कळवा म्हटलं तर अण्णा म्हणाले, ते लिहायची काय गरज.

"तू मामांचं दुकान सोडलंस त्या वर्षीची उचल मामांनी अण्णांना आधीच दिलेली होती. मामा गावी आले आणि दोन दिवस ओट्यावर बसून राहिले. आई जेवायला वाढायची, ते ताट सरकवायचे. मग मी द्राक्षाच्या बागेत जायला लागले. विरळणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला. सकाळी बाग, दुपारी कॉलेज. दोन हंगामांत फिटली. तुला सांगायचं नाही म्हणाले सगळे. पोरगं परमुलखात आहे, जिवाला लावून घेईल.

"मी रागावून लिहीत नाही. तू सोडलंस ते मला आवडलं होतं. मी बागेत बायकांना सांगायचे, आमच्या दादानं चिमटा आपटला म्हणून.

"मिरजेच्या नर्सिंगला दुसऱ्या यादीत माझं नाव लागलंय. पहिला हप्ता चार हजार, पंचवीस तारखेच्या आत. माझ्याकडे दीड हजार आहेत. अण्णांना माहीत नाही. ते सांगायला लिहिलेलं नाही. सुपारीचे पैसे पाठवू नकोस, एवढंच सांगायला लिहिलं. पैसे आले नाहीत तर सुपारी लांबेल, तेवढ्यात मी काहीतरी करीन. फीचं मी बघते. तू तुझं बघ."

खाली नाव नाही. पाच वर्षांच्या एकाही पत्राखाली तिचं नाव नव्हतं, म्हणून बहुतेक सवयच नाही.

ही वही पहिल्या पानापासून उलटून पाहिली. रामरतीचं नाव आहे. जिल्हासुद्धा आहे. नोकर एक, नोकर दोन आहेत. म्हैस आहे. बहीण एकदा आहे — धाकटी, सुपारीपुरती.

आणि मी साऱ्या नोएडाला विचारत फिरलो, किल्ली काढली कोणी!

१५ नोव्हेंबर

सकाळच्या खेळाला किल्ली हौदात पडली. टॉर्च विझवली आणि खाली बघत उभा राहिलो.

दुपारी सतरा पायऱ्या चढून शंकरबाबूंना सांगितलं, फॉर्म पुढच्या खेपेला. म्हणाले, "जगह नहीं रुकेगी, ग्यानू." म्हटलं, नाही तर नाही. मी पुन्हा चढेन. पायऱ्या कुठं जातायत?

अण्णा ओरडतील. मामा पुन्हा ओट्यावर येऊन बसतील. बसू देत. ह्या वेळेला ओरडून घ्यायला मी आहे. अण्णांना वेगळं पत्र टाकलं — सुपारी फोडायची नाही, मी थोरला आहे, मी सांगतो. हे पत्र तिनंच त्यांना वाचून दाखवायचं आहे. हळू वाचू नको म्हणावं!

१६ नोव्हेंबर, शनिवार

पोस्टात तासभर रांग. मनिऑर्डरच्या फॉर्मवर पहिल्यांदा अण्णांचं नाव नाही. बाबूनं विचारलं, "कौन है, बीवी?" — बहन. "शादी है?" — नहीं. पढ़ाई. त्यानं चष्म्यावरून एकदा बघितलं आणि शिक्का मारला. पोस्टमन तिच्याच हातात देईल, अण्णांच्या देखत. देऊ दे. खालच्या चिठ्ठीत मजकुराला दोन ओळींची जागा असते. लिहिलं — अक्षर ओळखलं. वरचे शंभर एस.टी.ला.

कु. इंदुमती दिनकर देवकर. रुपये दोन हजार सहाशे.